दोन जावा, एक मशीन

समुद्र शांत असला की आमच्या गावातल्या बायका पाण्यात असतात आणि खवळला की माझ्याकडे. त्यामुळे सकाळी उठून मी आधी खिडकीतून लाटा बघतो. पांढरा फेस दगडांवर चढताना दिसला की समजायचं, आज दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही.

मी इनसू, आडनाव नाम, मूळचा तेगू शहरातला. कोरियाच्या दक्षिणेकडच्या या जेजू बेटावर फिजिओथेरपिस्ट म्हणून आलो तेव्हा आईला सांगितलं होतं, दोन वर्षांत परत येतो. आई अजून वाट बघते आहे. इथल्या बायका हेन्यो आहेत. नळी नाही, टाकी नाही, छातीत भरून घेतलेल्या एका श्वासावर समुद्राच्या तळाशी जायचं आणि शंख, शिंपले, जे हाताला लागेल ते घेऊन वर यायचं. कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा असतो. जन्मभर तो पट्टा बांधला की साठीनंतर कंबर आपलं म्हणणं मांडायला लागते, मग खांदे, मग गुडघे. ते म्हणणं ऐकून घ्यायला डॉक्टर यांग आणि मी बसलेलो असतो. डॉक्टर तपासतात. शेक आणि करंट माझ्याकडे.

करंट म्हणजे विजेचा उपचार. दुखऱ्या जागी पॅड लावायचे आणि मशीन चालू करायचं. बारीक मुंग्या येतात, स्नायू थरथरतो, दुखणं दबतं. ऑपरेशननंतर स्नायू सुकला असेल तर जरा वेगळा करंट देऊन त्याला जागं करतात. या बायकांना करंटची एवढी सवय आहे की रस्त्यात भेटल्यावर 'जेवलीस का' विचारायच्या ऐवजी 'करंट घेतलास का' विचारतात. मला त्या मास्तर म्हणतात. मी त्यांना सामचुन म्हणतो. सामचुन म्हणजे काका. आमच्या बेटावर वडीलधाऱ्या कुणालाही, बाप्या असो की बाई, काकाच म्हणतात. पहिल्या महिन्यात मी एका आजींना मावशी म्हणालो, तर त्या म्हणाल्या, 'तुझ्या आईला मी बहीण म्हणून कधी भेटले रे?'

ज्यांची ही गोष्ट आहे त्या दोघी सख्ख्या जावा. थोरली गेसेंग, धाकटी छुनओक. दोघींचे नवरे कधीच गेले, मुलं शहरात. एकाच अंगणात समोरासमोर दोन घरं, मध्ये एक नळ, एक संत्र्याचं झाड आणि एक कुत्रा. दोघी सात वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. बोलायचं असेल ते कुत्र्याशी बोलायच्या. गेसेंग कुत्र्याला म्हणायची, काही लोकांना नळ घट्ट बंद करायला कुणी शिकवलं नाही बघ. छुनओक त्याच कुत्र्याला म्हणायची, बाबा रे, काही लोक पहाटे एवढ्या मोठ्यांदा खोकतात की मेलेला मासा उठून बसेल. लेकी बोले सुने लागे, तसं तिथे कुत्र्या बोले जावे लागे. कुत्रा बिचारा दोन्ही बाजूंना शेपूट हलवून हलवून थकला होता.

भांडण एका ऑक्टोपसवरून झालं होतं. तो आधी छुनओकला दिसला आणि श्वास संपत आला म्हणून ती वर आली, असं छुनओकचं म्हणणं. दिसला तो सगळ्यांनाच असतो, धरला मी, असं गेसेंगचं. आणि नेमकं त्याच रात्री सासूबाईंचं वर्षश्राद्ध. गेसेंगनं तो ऑक्टोपस उकडून, सजवून नैवेद्यात मधोमध मांडला आणि सगळे नातेवाईक म्हणाले, थोरली सून म्हणजे थोरलीच. छुनओक त्या ताटापाशी भात घेऊन उभी होती. तिनं भात ठेवला आणि जी गप्प झाली ती झाली. तोवर तीस वर्षं दोघी जोडीनं बुडी मारायच्या. हेन्यो कधी एकटी जात नाही, तिची एक जोडीदारीण असते. त्या दिवसानंतर दोघी वेगळ्या झाल्या. छुनओक खोल पाण्यातल्या पट्टीच्या बायकांबरोबर जाऊ लागली आणि गेसेंग कधी हिच्याबरोबर, कधी तिच्याबरोबर.

या वर्षी वसंतात गेसेंगचा उजवा खांदा पाण्याखालीच गेला. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी तुटली होती. शहरात ऑपरेशन झालं, हात कितीतरी दिवस झोळीत राहिला आणि झोळी काढली तेव्हा दंडाचा स्नायू सुकून खारकेसारखा झाला होता. डॉक्टर यांगनी तिला माझ्या ताब्यात दिलं. मी तिला कोपऱ्यातली, भिंतीलगतची खाट दिली.

दुसऱ्या दिवशी छुनओक आली. तिच्या कमरेचं दुखणं जुनं होतं आणि तिची खाट ठरलेली होती, दाराजवळची. पण तिथे वारा लागतो म्हणाली आणि चालत कोपऱ्यापर्यंत येऊन गेसेंगच्या शेजारच्या खाटेवर पालथी पडली. दोन खाटांच्या मध्ये हिरवा पडदा आणि पडद्याखाली मशीनची ढकलगाडी. त्या मशीनला दोन गोल बटणं होती, एक या खाटेचं, एक त्या खाटेचं. मी मनात म्हटलं, आता कुत्र्याचं काम आपल्याकडे आलं.

आलंच. पडद्याच्या अलीकडून छुनओक विचारायची, मास्तर, पलीकडच्या बाईंना किती करंट दिलास? मी म्हणायचो, सामचुन, त्यांचा खांदा आहे, तुमची कंबर आहे, तुलना नाही होत. ती म्हणायची, मी तुलना विचारली नाही, आकडा विचारला. आकडा सांगितला की म्हणायची, मला त्याच्याहून वाढव. मग पडद्यापलीकडून गेसेंग म्हणायची, मास्तर, मला काहीच लागत नाहीये, मशीन चालू आहे ना? वाढवलं की दोघींचे चेहरे दगडासारखे व्हायचे, फक्त पायाची बोटं आखडलेली दिसायची. एकदा छुनओकच्या मांडीला पॅड लावले होते आणि तिनं हट्टानं करंट वाढवून घेतला, तर तिचा पाय असा उडाला की पडद्याचा दांडाच खाली आला. पाय आपोआप उडाला हे ती मान्य करेना. म्हणाली, दांडा सैल होता, मी तपासत होते. शेवटी मी मशीनच्या आकड्यांवर चिकटपट्टी लावली आणि दोघींना रोज सांगू लागलो की तुमचा करंट शेजारच्यांपेक्षा जास्त आहे. दोघी समाधानानं डोळे मिटायच्या.

उन्हाळा असाच गेला. गेसेंगचा खांदा माझ्या बोटांखाली भरत चालला होता. स्नायू आता खारीक राहिला नव्हता, चांगला गुटगुटीत झाला होता. पण हात कानापर्यंत यायचा आणि थांबायचा. त्याच्या वर जाईना. मी करंट बदलून पाहिला, व्यायाम बदलून पाहिले. डॉक्टर यांगनी पुन्हा फोटो काढले आणि चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, इनसू, हा खांदा वर जायला हवा. मी म्हटलं, मलाही तसंच वाटतं. खांद्याला मात्र वाटत नव्हतं.

ऑक्टोबरात शंख काढण्यावरची बंदी उठते. त्या दिवसाची गाव वाट बघत असतं. त्याआधी हेन्योंची बैठक झाली. अध्यक्ष को सुनहुई यांनी विचारलं की गेसेंगबाईंचं काय करायचं. कुणी काही बोलायच्या आत छुनओक उठली आणि म्हणाली, ज्या बाईचा हात कानाच्या वर जात नाही तिनं पाण्यात येऊ नये, बुडाली तर आपल्यालाच काढावी लागेल. हे मला दुसऱ्या दिवशी सहा जणींनी सहा तऱ्हांनी सांगितलं, पण सगळ्यांचं एकमत होतं की सात वर्षांचं विष आज बाहेर पडलं. मला स्वतःला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. गेसेंग म्हणजे साध्या नळावरून तासभर भांडणारी बाई. ती बैठकीत म्हणे मान खाली घालून इतकंच म्हणाली, बरोबर आहे, नाही येत मी.

त्यानंतर चारपाच दिवसांनी समुद्र खवळला. सगळ्या खाटा भरल्या. बाकांवर बायका बसल्या, दोघी तर वजनकाट्यावर टेकल्या होत्या. कुणीतरी रताळी उकडून आणली होती, ती हातोहात फिरत होती. कोपऱ्यात गेसेंग उताणी पडली होती, उजव्या खांद्याला पॅड. शेजारी छुनओक पालथी, कमरेला पॅड. मी दोघींना मशीन लावून दिलं, पडदा ओढला आणि एका सामचुनच्या गुडघ्याला शेक द्यायला वळलो.

मागून एक आवाज आला. तसा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. पाठोपाठ पडद्याच्या कड्या खळाखळा वाजल्या.

वळून पाहिलं तर गेसेंग खाटेवर उठून बसली होती. डाव्या हातानं तिनं पडदा बाजूला ओढला होता. पलीकडून छुनओकचा हात मशीनच्या बटणावर होता, गेसेंगच्या बटणावर, आणि तिनं ते भस्सकन वाढवलेलं होतं. आणि गेसेंगचा उजवा हात तिच्या डोक्याच्या सरळ वर, छताकडे, तळवा उघडा. जावेच्या पाठीत धपाटा घालायला तिनं तो उगारला होता.

मी धावत जाऊन मशीन बंद केलं. एक गोष्ट मी शपथेवर सांगतो. करंटनं एवढा हात वर जात नाही. करंटनं फार तर दंड फडफडतो. तो हात तिनं स्वतः उचलला होता.

"छुनओक, मेले," गेसेंग म्हणाली, "जीव घेतेस का माझा?"

सात वर्षांतला तो पहिला शब्द. दवाखान्यात रताळं चावायचा आवाजसुद्धा थांबला.

छुनओक पालथीच होती. तिनं मान वळवून वर बघितलं. "हात वर गेला, जाऊबाई," ती म्हणाली.

गेसेंगनं आपल्या हाताकडे असं बघितलं, जणू तो कुणी परक्यानं तिथे आणून ठेवला आहे. मग हळूच खाली घेतला. पण आता खाली घेऊन काय उपयोग, खोलीभर बायकांनी पाहिला होता. वजनकाट्यावरची एक जण म्हणाली की अहो, माझासुद्धा एवढा वर जात नाही.

मी छुनओकला रागावलो. म्हटलं, सामचुन, दुसऱ्याच्या बटणाला हात लावायचा नसतो, काही झालं असतं म्हणजे? ती म्हणाली, काय व्हायचंय, तूच सांगतोस ना रोज की तिचा करंट माझ्याहून जास्त आहे, म्हणजे तिला सवय असेल. मी आकड्यांवरची चिकटपट्टी अंगठ्यानं दाबून बसवली. मग ती उठून बसली, कमरेचे पॅड तसेच लोंबत होते, आणि म्हणाली की हिचा हात वर जातो हे मला महिनाभर माहीत आहे. झाडाच्या शेंड्यावरची संत्री कोण काढतं? कुत्रा तर नाही काढत. पहाटे अंधारात येते, उजव्या हातानं फांदी ओढते आणि दिवस उजाडला की हात कानाशी अडकवून दवाखान्यात येते. बैठकीत डिवचलं तरी भांडली नाही, म्हणून आज बटण फिरवलं.

"मग मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. "निदान त्यांना तरी विचारायचं."

"विचारणार कशी?" छुनओक म्हणाली. "आम्ही बोलत नाही ना."

बायका हसल्या. गेसेंग हसली नाही. ती मांडीवर हात ठेवून बसली होती आणि तिचा चेहरा मी पहिल्यांदाच म्हातारा पाहिला. मी पडदा पुन्हा ओढायला गेलो, तिनं नको म्हणून खूण केली. मग ती बोलायला लागली. माझ्याशी नाही, आणि नेमकं कुणाशीच नाही.

खांदा गेला तेव्हा ती एका कपारीत हात घालून शिंपला उचकटत होती. काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि हात तिचा राहिला नाही. एका हातानं पाणी मारत वर यायचं म्हणजे श्वास पुरला पाहिजे. तो पुरला नाही. शेवटचं थोडं अंतर ती कशी आली, हे तिला अजून आठवत नाही. त्या दिवशी तिच्याबरोबर जी बाई होती ती लांब गेली होती. आता खांदा बरा झाला, दुखतही नाही, पण रात्री डोळे मिटले की ती कपार दिसते. एवढ्या वर्षांची हेन्यो पाण्याला घाबरते असं कुणाला कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा खांदा बरा होत नाही म्हणणं सोपं होतं. खांद्याला कुणी भित्रा म्हणत नाही.

"आणि वर आले तेव्हा माझा तुंबा हाताशी होता," ती म्हणाली. "प्रवाह उलटा होता, तो लांब वाहून जायला हवा होता. पण अगदी हाताशी होता. समुद्रदेवानंच आणून दिला. म्हणून वाचले. पण देव दर वेळी कसा आणून देईल?"

तुंबा म्हणजे पाण्यावर तरंगणारा तो नारिंगी गोळा. त्याला धरून श्वास घ्यायचा, त्यालाच जाळी बांधलेली असते.

छुनओक खाटेवरून खाली उतरली. पॅडच्या तारा ताणल्या गेल्या म्हणून मी मशीन पुढे ढकललं.

"समुद्रदेवानं?" ती म्हणाली. "त्याला काय पाय फुटले होते? मी ढकलत आणला तो. तुझं डोकं वर येईना म्हणून माझा तुंबा सोडून तुझा धरला आणि लाटेला छाती लावून आणला. तुझी बोटं दोरीला लागलेली बघितली आणि मग गेले."

"तू तर खोल पाण्यात होतीस."

"खोल पाण्यातून मान वर केली की उथळ पाणी दिसतं, जाऊबाई. सात वर्षं दिसतंय."

गेसेंगनं खांद्यावरचे पॅड काढून बाजूला ठेवले. मग म्हणाली की मी देवळात जाऊन तांदळाच्या वड्यांचं मोठं ताट वाहिलं, दोन कोंबड्या वाहिल्या. छुनओक म्हणाली, माहीत आहे, घमघमाट माझ्या घरापर्यंत आला होता. मला एक वडीसुद्धा मिळाली नाही.

आता गेसेंग हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला तिनं उजवा हात वापरला. तेवढ्यात डॉक्टर यांग गडबड ऐकून बाहेर आले. त्यांनी सगळ्यांसमोर तिला हात वर करायला सांगितलं. तिनं केला. त्यांनी तो बाजूला, मागे, वर असा फिरवून पाहिला आणि मला म्हणाले, छान केलंस इनसू, कोणता करंट दिलास? मी म्हटलं, धाकट्या जावेचा.

पण खांदा बरा होणं आणि पाण्यात जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. अध्यक्ष को सुनहुई दवाखान्यात आल्या, त्यांनीही हात वर करवून पाहिला आणि परवानगी दिली. गेसेंग त्यांना म्हणाली, हात येईल, बाकीची मी येईन की नाही ते त्या दिवशी बघू. छुनओकनं खोल पाण्यातल्या आपल्या बायकांना सांगून टाकलं की या वर्षी मी उथळ पाण्यात आहे, कंबर साथ देत नाही. त्यांनी तिची बरीच थट्टा केली. खोल पाण्यातून उथळ पाण्यात येणं म्हणजे हेन्योला पायरी उतरण्यासारखं असतं. छुनओक सगळं ऐकून घेत होती. हे मला जास्त विशेष वाटलं, कारण ऐकून घेणं तिच्या स्वभावात नाही.

शंखांचा पहिला दिवस उजाडला तेव्हा समुद्र ताटात ओतल्यासारखा सपाट होता. दवाखान्यात कुणीच येणार नव्हतं, म्हणून डॉक्टरांना सांगून मीही किनाऱ्यावर गेलो. काळे रबरी पोशाख घातलेल्या बायका दगडांवरून उतरत होत्या. गेसेंग पाणी कमरेला लागेपर्यंत गेली आणि उभी राहिली. तुंबा छातीशी धरून, नुसती उभी. बाकीच्या पुढे गेल्या. छुनओक तिच्या शेजारी थांबली. दोघी काहीतरी बोलत होत्या, म्हणजे छुनओक बोलत होती. मला वाऱ्यामुळे शब्द कळले नाहीत, पण हातवाऱ्यांवरून धीर देणं कमी आणि शिव्या जास्त असाव्यात. मग गेसेंगनं चष्मा डोळ्यांवर ओढला, वाकली आणि तिचे पाय वर आले आणि गेले.

छुनओक बुडी न मारता त्या जागी पाणी बघत राहिली. मीही श्वास धरला आणि माझा आधी संपला. मग गेसेंगचं डोकं वर आलं आणि तिनं तोंडानं लांब शीळ घालून श्वास सोडला. हेन्योंची ती शीळ मी इतकी वर्षं रोज खिडकीतून ऐकतो, पण त्या दिवशी ती संपेपर्यंत ऐकली. तिच्या हातात काहीच नव्हतं. पुढच्या बुडीलाही नव्हतं. त्याच्या पुढच्या बुडीला एक शंख होता, तोही लहान, नियमापेक्षा लहान. छुनओकनं तो तिच्या हातातून घेतला, बघितला आणि परत पाण्यात टाकला. त्यावरून दोघींचं जोरात भांडण झालं, ते किनाऱ्यापर्यंत सगळं ऐकू आलं.

दुपारी माल मोजला तेव्हा पट्टीच्या बायकांत छुनओकची जाळी सगळ्यांत हलकी निघाली. ती दिवसभर बुडी कमी आणि पहारा जास्त देत होती. कुणीतरी विचारलं, काय गं, आज समुद्र रिकामा होता का? ती म्हणाली, कंबर. गेसेंगची जाळी तिच्याहून जड होती आणि हे तिनं जाता-येता प्रत्येकीला सांगितलं, सांगताना छुनओककडे बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी दवाखान्यात हजर. आता त्या पडदा ओढू देत नाहीत, आणि त्यांची बडबड इतकी असते की त्या कोपऱ्यातल्या इतर बायका दाराजवळची खाट मागतात, वारा लागला तरी चालेल म्हणतात. मी गेसेंगच्या खांद्याला शेक दिला. मग छुनओककडे वळलो आणि विचारलं, कंबर दुखतेय का, की आज खांदे?

"डोळे," ती म्हणाली. "काल एकाच जागी बघत बसले. डोळ्यांना लावता येतो का रे करंट?"

डोळ्यांना येत नाही, मी म्हटलं. मग ती पालथी पडली आणि म्हणाली, बरं, कमरेलाच लाव.